पुड्या बंद केल्या आणि आई कोसळली: अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं नेमकं काय झालं?

तुम्ही कळवलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. आई ५८ वर्षांच्या, अमळनेरकडे शेती. गुडघे आणि मनगटं दुखायची म्हणून आठवडे बाजारात बसणाऱ्या एका माणसाच्या ‘जडीबुटीच्या’ पुड्या तीन वर्षं चालू होत्या. गुण असा की सकाळी पुडी घेतली की आई कापूस वेचायला तयार. हळूहळू चेहरा गोल झाला, पोट सुटलं, हातपाय मात्र काड्यांसारखे झाले, मधुमेह निघाला. तेव्हा तुम्हीच पुढाकार घेऊन मे महिन्यात पुड्या एका दिवसात बंद केल्या. आठवडाभरात उलट्या, चक्कर, पोटात दुखणं. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. जळगावला दाखल केलं तेव्हा रक्तदाब ८०/५०, सोडियम घसरून १२२, पोटॅशियम ४.२, सकाळचं कॉर्टिसॉल (या ग्रंथीचं एक हार्मोन) जेमतेम १.६. सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिल्यावर दुसऱ्या दिवशी आई उठून चहा मागायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, ‘अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपलीय.’ आता तुम्ही विचारता: ही ग्रंथी कसली, किडनीला काही झालंय का, सोनोग्राफी नॉर्मल कशी, गोळी जन्मभर घ्यायची का, आणि स्टेरॉइडमुळेच एवढं झालं तर पुन्हा स्टेरॉइडच का देताय?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं वाचून होईपर्यंत कोणी रागाच्या भरात गोळी बंद करायला नको. आता जी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी चालू आहे ती आईंच्या शरीराला रोज लागणाऱ्या हार्मोनची भरपाई आहे. मोठ्या माणसाला साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम दिवसाला पुरते. पुड्यांमध्ये काय होतं ते कोणी तपासलेलं नाही, पण आईंचा चेहरा, पोट आणि साखर पाहता डेक्सामेथासोन, बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी काहीतरी कुटून घातलेलं असणार, सोबत एखादं वेदनाशामक. डेक्सामेथासोनच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या दोनच गोळ्या म्हणजे सव्वीसेक मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन झालं, म्हणजे दिवसाची गरज संपली. तीन वर्षं त्याहून किती जास्त पोटात गेलं कोण जाणे. तेव्हा आधीचं स्टेरॉइड आणि आताचं स्टेरॉइड यांची जात एक असली तरी मात्रा आणि हेतू वेगळे आहेत. आजची गोळी चुकवायची नाही.

आता ग्रंथी. प्रत्येक किडनीच्या डोक्यावर एक, अशा दोन असतात. एकेकीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. उजवी साधारण तिकोनी, डावी जरा लांबट चंद्रकोरीसारखी. शाळेच्या पुस्तकात अधिवृक्क ग्रंथी म्हणून वाचलेली असते, ओपीडीत सगळे अ‍ॅड्रिनलच म्हणतात. किडनीशी तिचं नातं शेजाराचं आहे. लघवी गाळणं हे तिचं काम नाही, त्यामुळे आईंच्या किडनीला धक्का लागलाय असं या निदानातून निघत नाही. किडनीचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल आहे ना, मग ती काळजी सोडा.

सोनोग्राफीचं म्हणाल तर मोठ्या माणसाच्या पोटात ही ग्रंथी सोनोग्राफीत धड दिसतच नाही, एखादी गाठ मोठी असली तरच लक्षात येते. सीटी स्कॅनमध्ये दिसते. पण सीटीसुद्धा आकार दाखवतो, काम दाखवत नाही. कामाचा पत्ता रक्तातून लागतो.

प्रत्येक ग्रंथीत खरं तर दोन वेगळ्या ग्रंथी एकात एक बसलेल्या आहेत. आतला गाभा आणि बाहेरची साल. दोघांचं मूळ वेगळं, काम वेगळं, हुकूम देणारेही वेगळे.

गाभ्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं, कारण अ‍ॅड्रिनलिन तिथे तयार होतं. जपानी शास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी १९०१ मध्ये ते शुद्ध रूपात वेगळं केलं. गाभ्यातल्या पेशी म्हणजे एका अर्थी मज्जासंस्थेचाच भाग, त्यामुळे हुकूम थेट नसांमधून येतो आणि काम सेकंदात होतं. कापसाच्या सरीत हात घातला आणि पाचोळ्यात घोणस फुसकारली, की छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि माणूस उडी मारून बांधावर पोचलेला असतो. विचार नंतर येतो. हे अ‍ॅड्रिनलिन रक्तात फार तर दोन-तीन मिनिटं टिकतं. सोबत नॉरअ‍ॅड्रिनलिनही सुटतं, पण ते शरीरभरच्या नसांच्या टोकांतूनही मिळतं. म्हणून गाभा पूर्ण काढून टाकला तरी माणूस जगतो. साल काढली तर बाहेरून हार्मोन दिल्याशिवाय काही दिवसांपलीकडे तगत नाही.

एक गोष्ट मला विद्यार्थिदशेपासून आवडते. रक्त सालीतून गाभ्याकडे वाहतं, त्यामुळे सालीतलं कॉर्टिसॉल दाट प्रमाणात गाभ्याला मिळतं, आणि नॉरअ‍ॅड्रिनलिनचं अ‍ॅड्रिनलिन करणारं एन्झाइम त्या कॉर्टिसॉलवरच चालतं. शेजार निव्वळ योगायोगाचा नाही.

सालीचे तीन थर आहेत. तिन्ही थरांचा कच्चा माल एकच: कोलेस्टेरॉल. हो, तेच, ज्याच्या नावाने लोक शेवभाजीवरचा तर्रीचा थर बाजूला काढतात. त्याच्यावर वेगवेगळ्या एन्झाइमांनी काम केलं की वेगवेगळी हार्मोनं तयार होतात.

सर्वात बाहेरचा थर अल्डोस्टेरॉन बनवतो. हे मिठाचं हार्मोन. किडनीला ते सांगतं की सोडियम राखून ठेव, पोटॅशियम लघवीतून जाऊ दे. सोडियमबरोबर पाणी राहतं, पाण्याबरोबर रक्तदाब. आता आईंच्या रिपोर्टमधलं पोटॅशियम बघा: ४.२, म्हणजे अगदी नॉर्मल. सगळ्या कागदांत मला हाच आकडा सर्वात बोलका वाटतो. हा थर बंद असता तर पोटॅशियम बहुधा साठून वाढलं असतं. या बाहेरच्या थराचं नियंत्रण मुख्यतः किडनीतून सुटणाऱ्या रेनिनकडे आणि रक्तातल्या पोटॅशियमकडे आहे, मेंदूखालच्या पिट्यूटरीवर तो फारसा अवलंबून नाही. पुड्यांनी पिट्यूटरी गप्प केली, पण रेनिन गप्प झालं नाही. म्हणून आईंच्या चिठ्ठीवर फ्लुड्रोकॉर्टिसोन, म्हणजे अल्डोस्टेरॉनची भरपाई करणारी गोळी, नाही. शेजारच्या पेशंटला ते आहे आणि आम्हाला का नाही, असं तुम्ही पुढे विचारलंय, त्याचं उत्तर हेच.

मग सोडियम १२२ कसं? इथे मधला थर येतो, आणि खरा घोळ तिथे झालाय.

मधला थर सर्वात जाड, तो कॉर्टिसॉल बनवतो. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच नावाचं हार्मोन सोडतो, त्यावरून पिट्यूटरी एसीटीएच नावाचं हार्मोन सोडते, आणि एसीटीएच पोचलं की मधला थर कामाला लागतो. कॉर्टिसॉल रक्तात पुरेसं झालं की वरच्या दोघांना तसा निरोप जातो आणि ते हात आखडतात. याला दिवसाचं वेळापत्रकही आहे. पहाटे तीन-चारपासून कॉर्टिसॉल चढायला लागतं, जाग येण्याच्या सुमाराला शिखरावर असतं, मध्यरात्री तळाला. म्हणून तपासणी सकाळी आठच्या आसपास करायची. दुपारी चारला काढलेलं कॉर्टिसॉल घेऊन लोक येतात आणि ‘कमी आलंय’ म्हणून घाबरलेले असतात. ते तेव्हा कमीच असायला हवं.

कॉर्टिसॉल करतं काय? उपाशी असताना यकृताकडून साखर बनवून घेतं, त्यासाठी गरज पडली तर स्नायूंतली प्रथिनं मोडतं. सूज आणि प्रतिकारशक्तीचा भडका आवरतं. आणि रक्तवाहिन्यांना अ‍ॅड्रिनलिन-नॉरअ‍ॅड्रिनलिनचं ऐकायला लावतं. कॉर्टिसॉल नसेल तर ती दोन्ही रक्तात असूनही रक्तवाहिन्या आवळत नाहीत, म्हणून आईंचा रक्तदाब ८० वर आला आणि नुसत्या सलाइनने उचलला नाही. सोडियमचंही तेच. कॉर्टिसॉल कमी पडलं की पाणी धरून ठेवणारं एडीएच हे हार्मोन जास्त सुटतं, रक्त पातळ होतं आणि सोडियमचा आकडा घसरतो. त्यात उलट्या, त्यात मे महिना, त्यात घरच्यांनी प्रेमाने पाजलेलं तांब्या-तांब्या पाणी.

अजून एक धोका तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. आईंची साखर पुड्यांमुळे वाढली होती आणि साखरेची गोळी त्या हिशेबाने लिहिलेली होती. पुड्या थांबल्या, साखरेची गोळी तशीच चालू राहिली. अशा वेळी साखर एकदम खाली जाते. सध्या सकाळ-संध्याकाळ बोटावर साखर तपासा आणि आकडे डॉक्टरांना दाखवा, गोळी बहुधा कमी करावी लागेल.

सर्वात आतला थर डीएचईए आणि तत्सम पुरुषी गुणाची हार्मोनं बनवतो. बायकांच्या काखेतले, जांघेतले केस यांच्यामुळे. आईंच्या बाबतीत त्याचा विचार करायची गरज नाही.

आता ‘झोपलीय’ म्हणजे काय. घरी रोज दोन्ही वेळचा डबा बाहेरून येऊ लागला, तोही गरजेच्या दुप्पट, तर चूल कशाला पेटवायची? सरपण आणणाराही येणं बंद करतो. तीन वर्षांनी एका सकाळी डबा बंद झाला, तर त्या दिवशी घरात जेवण होत नाही. पुड्यांतलं स्टेरॉइड रक्तात भरपूर होतं, म्हणून पिट्यूटरीने एसीटीएच पाठवणं थांबवलं. एसीटीएचशिवाय सालीचे आतले दोन थर सुकत जातात, अक्षरशः पातळ होतात. पुड्या बंद केल्यावर आधी हायपोथॅलॅमस आणि पिट्यूटरीला भान यावं लागतं, मग काही महिने एसीटीएचचा मारा झाल्यावर साल भरते. याला आठवडे नाही, महिने लागतात. वर्ष लागलेलेही पाहिलेत.

पुड्या बंद करायला हव्याच होत्या, तुमचा निर्णय बरोबर. फक्त त्या दिवशी बाहेरून काहीतरी सुरू करायला हवं होतं, आणि ते तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

या पुड्यांबद्दल जरा मोकळं बोलतो. पाचोरा, पारोळा, शिरपूर, शहादा, कुठल्याही बाजाराला जा. ‘संधिवात, दमा, गॅस, अशक्तपणा’ अशी पाटी, हिरवट-करडी भुकटी किंवा बाटलीतल्या बिननावाच्या गोळ्या. दोन दिवसांत गुण येतो, हीच त्याची खरी ओळख. झाडपाल्याचं कुठलंही औषध तीन वर्षं जुने गुडघे दोन दिवसांत मोकळे करत नाही. लोक भोळे आहेत असं मी म्हणणार नाही, गुण खराच येतो. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं, तेव्हा तीही काही दिवसांत चालायला लागली होती. डॉक्टर मंडळीसुद्धा तेव्हा अशीच भारावली. १९५० चं नोबेल हेंच, केंडल आणि राइखस्टाइन या तिघांना या कामासाठी मिळालं. दुष्परिणाम दिसायला लागले ते नंतर, आणि तेच आपल्याकडे आज बाजारात बसून दिसतात.

माझ्याकडे असा पेशंट आला की मी त्याला जमिनीवर उकिडवं बसवतो आणि हाताचा आधार न घेता उठायला सांगतो. ज्यांना उठता येत नाही त्यांच्या मांडीचे स्नायू गेलेले असतात. मग पोटावरच्या जांभळ्या रुंद रेघा, मनगटाच्या आतली कागदासारखी कातडी, बांगडी घासल्याने उठलेले काळे-निळे डाग, कमरेला पसरलेलं गजकर्ण. गोरं होण्याच्या क्रीमवरही हाच संशय ठेवा. त्यांतही बऱ्याचदा तीव्र स्टेरॉइड असतं, आणि वर्षानुवर्षं जास्त जागेवर चोळलं तर त्वचेतून आत जाऊन हाच परिणाम करतं. दम्याच्या पंपाला मात्र यात ओढू नका. नेहमीच्या मात्रेत तो फुप्फुसापुरता राहतो आणि तो बंद केल्याने माणसं दगावतात.

आईंच्या त्वचेचा रंग बदललाय का, असं डॉक्टरांनी विचारल्याचं तुम्ही लिहिलंय आणि तुम्हाला ते विचित्र वाटलं. त्यामागे दुसरा आजार आहे. ग्रंथी स्वतःच खराब झाली असेल, तर पिट्यूटरी तिला हलवण्यासाठी एसीटीएच बेसुमार सोडते, आणि जास्तीचं एसीटीएच त्वचेतल्या रंगपेशींनाही चेतवतं. माणूस काळा पडत जातो. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये हा आजार मांडला, म्हणून तो अ‍ॅडिसनचा आजार. आता खान्देशात उन्हात राबणाऱ्या माणसाचा रंग बघून काय कळणार? म्हणून उन्हाने न पोचलेल्या जागा बघायच्या. तळहाताच्या रेषा काळ्या पडल्यात का, हिरड्यांवर, गालाच्या आतल्या बाजूला, जिभेवर शाईचे ठिपके पडल्यासारखे डाग आहेत का, अलीकडची जखम भरल्यावर तिचा वण आजूबाजूपेक्षा काळा आहे का. दुसरी खूण मिठाची. अशी माणसं भाकरीवर वरून मीठ घेतात, लोणच्याचा खार पितात, आणि घरचे म्हणतात चव बिघडलीय. सोबत वजन उतरणं, आणि ‘चक्कर येस, आंगमा ताकदच नही’ हे गाऱ्हाणं. तुमच्या आईंच्या तळहाताच्या रेषा साध्या आहेत आणि पोटॅशियम नॉर्मल आहे, म्हणजे एसीटीएच वाढलेलं नाही, उलट दबलेलं आहे. दोन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात.

अ‍ॅडिसनच्या आजाराचं कारण श्रीमंत देशांत बहुतेक वेळा शरीराची स्वतःवरच उलटलेली प्रतिकारशक्ती असतं. आपल्याकडे टीबीला आजही विसरता येत नाही. फुप्फुसातून रक्तावाटे जंतू ग्रंथीत जाऊन बसतो आणि दोन्ही बाजूंची साल जवळपास नव्वद टक्के गेल्यावर लक्षणं उघडी पडतात. इथे एक सापळा आहे, आणि तो डॉक्टरांनीही लक्षात ठेवण्यासारखा. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन यकृताला स्टेरॉइड जास्त वेगाने मोडायला लावतं. ग्रंथी आधीच काठावर असेल तर टीबीचं औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत पेशंट कोसळतो आणि सगळे औषधाला दोष देतात. हायड्रोकॉर्टिसोन चालू असेल तर त्या काळात मात्रा वाढवावी लागते, बऱ्याचदा दुप्पट.

पिट्यूटरीच बिघडल्याने अ‍ॅड्रिनल बंद पडण्याची दोन कारणं आपल्या भागात विचारून घ्यावीत अशी आहेत. एक, बाळंतपणात झालेला प्रचंड रक्तस्राव. त्या वेळी रक्ताअभावी पिट्यूटरीचा भाग मरतो. बाईला दूध येत नाही, पाळी परत येत नाही, आणि कित्येक वर्षांनी कधीतरी सोडियम कमी म्हणून ती दाखल होते. सातपुड्याच्या पाड्यांवर घरी झालेल्या जुन्या बाळंतपणांचा इतिहास म्हणूनच विचारायचा. दुसरं, घोणस चावल्यावर. तिचं विष रक्ताची गोठण बिघडवतं आणि काही जणांत पिट्यूटरीत रक्तस्राव किंवा गुठळी होते. किडनी सावरते, पेशंट घरी जातो, आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, दाढी कमी उगवते, थंडी सोसत नाही, अशक्तपणा जात नाही. घोणशीच्या दंशातून उठलेला शेतमजूर असा थकलेला दिसला तर सकाळचं कॉर्टिसॉल आणि थायरॉइड तपासून बघावं.

हार्मोन जास्त होण्याचे आजार आईंना लागू नाहीत, पण तुमच्या भावाच्या रक्तदाबाबद्दल विचारलंय म्हणून. ३५ व्या वर्षी तीन गोळ्यांनीही आटोक्यात नसलेला रक्तदाब आणि पोटॅशियम घसरून ३.१, असं असेल तर अल्डोस्टेरॉन बनवणारी गाठ असू शकते. जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये वर्णन केलेला हा आजार. अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचं गुणोत्तर तपासा, हल्ली नमुना जळगाव-धुळ्याहून मोठ्या लॅबला जातो. हा रक्तदाबाचा असा प्रकार आहे जो ऑपरेशनने कधीकधी पूर्ण बरा होतो, आणि तरीही तो फार कमी वेळा शोधला जातो. भावाला अधूनमधून डोकं ठणकणं, दरदरून घाम आणि धडधड असे झटके येत असतील तर गाभ्यातली गाठ, फिओक्रोमोसायटोमा, हाही विचार करावा लागतो. त्यासाठी मेटानेफ्रिनची, म्हणजे गाभ्यातली हार्मोनं मोडून जे बनतं त्याची, तपासणी. ती नक्की होईपर्यंत हृदयाची धडधड आवरणारा बीटा ब्लॉकर नुसता सुरू करू नये, आधी रक्तवाहिन्या सैल करणारा अल्फा ब्लॉकर लागतो, नाहीतर रक्तदाब आणखी भडकतो.

नवजात बाळांबद्दलही दोन ओळी, कारण आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं अजून होतात आणि नात्यातल्या लग्नात हा दोष उघडा पडण्याची शक्यता वाढते. कॉर्टिसॉल बनवणाऱ्या साखळीतलं एक एन्झाइम, बहुतेक वेळा २१-हायड्रॉक्सिलेज, जन्मतः नसतं. कच्चा माल पुरुषी हार्मोनांकडे वळतो. मुलीचं जननेंद्रिय मुलासारखं दिसतं, म्हणून ती निदान लक्षात तरी येते. मुलगा दिसायला अगदी ठणठणीत असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या करून सुकतो. उलटी-जुलाब म्हणून सलाइन लावलं जातं. सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असलेलं महिन्याच्या आतलं बाळ दिसलं की हा आजार डोक्यात यायलाच हवा. आधीचं एखादं मूल याच वयात असंच गेलंय का, हे आजीला विचारा. आईपेक्षा आजी जास्त सांगते.

तुम्ही मोबाइलवर ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ वाचलंय आणि त्यावरच्या कॅप्सूल मागवू का म्हणता. अजिबात नको. ताणाने ग्रंथी दमते आणि म्हणून सकाळी उठवत नाही, असा आजार हार्मोनच्या शास्त्रात मान्य नाही. थकवा खरा असतो. कारण बहुधा रक्तक्षय, थायरॉइड, झोप, नैराश्य यांत सापडतं. आणि त्या कॅप्सूलपैकी काहींमध्ये परदेशातल्या तपासण्यांत न छापलेलं स्टेरॉइड आणि थायरॉइडचं हार्मोन सापडलेलं आहे. म्हणजे बाजारातली पुडीच, फक्त कुरियरने.

आता पुढे काय. हायड्रोकॉर्टिसोनचा मोठा भाग सकाळी उठल्याबरोबर, उरलेला दुपारी, चार-पाचनंतर नाही, म्हणजे झोप मोडत नाही. येत्या काही आठवड्यांत आईंचं अंग ठणकेल, मन उदास राहील, ‘पुडीच बरी होती’ असं त्या म्हणतील. रक्तदाब आणि सोडियम ठीक असेल तर तो जुन्या जास्त मात्रेची सवय सुटण्याचा त्रास आहे, त्यासाठी डॉक्टर मात्रा थोडी वर-खाली करतील. लपवून पुडी आणू नका.

तपासणीसाठी आदल्या दिवशी सकाळनंतर हायड्रोकॉर्टिसोन घ्यायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी आठला रक्त दिल्यावर मगच गोळी. पण हे सर्व डॉक्टरांना विचारून, आणि आई त्या दिवशी ठणठणीत असतील तरच. २०२४ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून दिलेल्या सल्ल्याप्रमाणे सकाळचं कॉर्टिसॉल १० च्या (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर) वर गेलं तर ग्रंथी सावरली असं धरून गोळी थांबवता येते. ५ ते १० च्या मध्ये असेल तर गोळी चालू ठेवून काही आठवडे-महिन्यांनी पुन्हा तपासायचं. ५ च्या खाली असेल तर आणखी काही महिने विचारही करायचा नाही. मधल्या आकड्यांत शंका राहिली तर एसीटीएचचं इंजेक्शन देऊन ग्रंथी कितपत उसळते ते बघता येतं. आईंचं १.६ हे दाखल असतानाचं, त्यामुळे पहिली फेरतपासणी तीनेक महिन्यांनी केली तरी चालेल. बहुतेकांची गोळी जन्मभर राहत नाही.

तोवर एक चिठ्ठी आईंच्या पर्समध्ये आणि एक तुमच्या मोबाइलच्या कव्हरमागे ठेवा: ‘स्टेरॉइडवर अवलंबून, उलट्या किंवा बेशुद्धीत हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम ताबडतोब द्यावे.’ निरोगी ग्रंथी ताप आला की आपणहून कॉर्टिसॉल वाढवते, आईंची वाढवणार नाही. म्हणून ताप आला तर दोन-तीन दिवस मात्रा दुप्पट-तिप्पट. उलटी होऊन गोळी पोटात राहत नसेल तर वाट बघायची नाही, गावातल्या डॉक्टरांकडून इंजेक्शन घेऊन मग जळगावची गाडी पकडायची. दात काढायचा असो की मोतीबिंदू, आधी सांगायचं. गोळ्यांचा आठवडाभराचा साठा घरात नेहमी हवा, दिवाळीत दुकानं बंद असतात.

उन्हाळ्याचं तुम्ही विचारलंत. आईंचं अल्डोस्टेरॉन शाबूत आहे, त्यामुळे त्यांना वेगळं जास्तीचं मीठ नको. ज्यांना अ‍ॅडिसनचा आजार आहे त्यांचं वेगळं. भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांत त्यांच्या घामातून मीठ वाहून जातं, मे महिन्यात त्यांना मीठ आणि कधी फ्लुड्रोकॉर्टिसोन वाढवावं लागतं.

राहिले गुडघे, ज्यांच्यासाठी हे सगळं सुरू झालं. मनगटंही दुखायची असं तुम्ही लिहिलंय, आणि ते मला खटकतं. नुसती गुडघ्याची झीज मनगटं सहसा धरत नाही. पुड्यांनी तीन वर्षं सूज दाबून ठेवली, त्यामुळे आमवात (सांधे सुजवणारा र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असेल तर तो आता वर येईल. सकाळी बोटं अर्धा-पाऊण तास आखडतात का ते बघा, आणि आमवाताच्या रक्ततपासण्या करून घ्या. तो निघाला तर मेथोट्रेक्सेटसारखी रीतसर औषधं आहेत. झीजच असेल तर पॅरासिटामॉल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, जे आईंना तसेही हवेतच. हाडांची घनताही तपासा, तीन वर्षांत ती नक्की खालावली असेल. आणि कोणी हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यात इंजेक्शन सुचवलं तर आधी त्यांना ती चिठ्ठी दाखवा. ते इंजेक्शनही बहुधा स्टेरॉइडचंच असतं, ते रक्तात उतरतं, आणि काही आठवडे अ‍ॅड्रिनलला पुन्हा दाबून ठेवतं.